आवाज न करणारे यंत्र

दिनांक २ मार्च, रविवार

प्रिय सहचारिणीस,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही. विशेष मात्र थोडेसे आहे, म्हणून लिहीत आहे. इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळविण्याची सोय नाही हे मी जाणतो, आणि उत्तराची वाट पाहण्याची सवयही सावकाश सुटेल अशी आशा बाळगतो.

तू गेल्यानंतरचे हे माझे पहिलेच पत्र. मी दौऱ्यावरून लिहिलेली पत्रे तू पोहण्याच्या तलावावर नेऊन इतर शिक्षिकांना वाचून दाखवायचीस आणि म्हणायचीस, "बघा गं, नवऱ्यानं बायकोला निविदा पाठवलीय." तुझी हाक तलावाच्या दुसऱ्या टोकाला बुडी मारलेल्या मुलींना पाण्याखाली ऐकू येते, असे लोक सांगत. ही निविदा वाचून तू तशाच आवाजात हसावेस, एवढीच तिच्यामागची अपेक्षा आहे.

प्रथम प्रकृती. गुडघा बरा आहे. जेवण वेळेवर होते. काल घरी जाऊन झाडांना पाणी घातले. खालच्या सुतारखान्याचे यंत्र नेहमीप्रमाणे कानठळ्या बसवीत होते, म्हणून फार थांबलो नाही.

आता मूळ विषय. बुधवारी ठकूचा फोन आला. तुम्हां मायलेकींची संगणकावरच्या खेळातली फेरीबोट तू गेल्यापासून धक्क्याला बांधून आहे. त्या खेळात सुकाणूवर एक आणि यंत्रघरात एक अशी दोन माणसे बसल्याशिवाय बोट सुटतच नाही, हे मला तिने आता सांगितले. तू पलंगावर पडल्या पडल्या सुकाणू धरायचीस, ती तिच्या शहरातून यंत्रघर सांभाळायची, आणि मी मधल्या मध्ये चहा करायचो. त्यामुळे नियमांकडे माझे लक्ष नव्हते. खेळात नाव नोंदवून परकी माणसे भाड्याने मिळतात म्हणे. ठकू म्हणाली, "आईच्या जागी मी कुणा परक्याला बसवणार नाही. बाबा, तुम्ही या."

मी म्हटले, "मला यातले काही कळत नाही."

"आईला तरी कुठं कळत होतं? पहिल्याच दिवशी तिनं बोट धक्क्यावर आपटली आणि धक्का चुकीच्या जागी बांधलाय म्हणून भांडत बसली."

हे तू मला कधी सांगितले नव्हतेस.

तुझ्या वेळचा लॅपटॉप ठकूच्या कार्यालयाचा होता. तो परत गेला. शिवाय खेळाची नवी आवृत्ती आली असून तिच्यात पाण्याचे काम फार बारीक केलेले आहे, त्यामुळे साध्या संगणकावर ती चालत नाही. ठकू तयार यंत्र पाठविणार होती. मी नकार दिला. निवृत्तिवेतनातून, एक ठरलेला खर्च वजा जाता, जे उरते त्यात सुटे भाग घेऊन मी स्वतः यंत्र जोडणार आहे. तो ठरलेला खर्च कोणता, हे तू विचारू नयेस.

पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात मी जन्मभर पंप आणि झडपा घेतल्या. यंत्र कोणतेही असो, पद्धत तीच. तीन दुकानांतून भाव मागविले, तुलनात्मक तक्ता केला. तुला समजावे म्हणून थोडक्यात सांगतो. प्रोसेसर हिशेब करतो. मदरबोर्ड म्हणजे सर्व भाग ज्यावर बसतात तो पाया. ग्राफिक्स कार्ड चित्र काढते. खेळाच्या यंत्रात सर्वांत मोठा खर्च तिथे करावा, असे सगळेच जाणकार लिहितात. पॉवर सप्लाय सर्वांना वीज पुरवितो आणि कॅबिनेट म्हणजे हे सारे ठेवण्याचा डबा. भाग तापतात, म्हणून जागोजागी पंखे लागतात, आणि पंखा म्हटला की घरघर आली.

म्हणून माझ्या तक्त्यातला पहिला रकाना किमतीचा नाही, आवाजाचा आहे. जो भाग आवाज करतो तो बाद. त्यानंतर आकार. कॅबिनेट खिडकीखालच्या फळीवर बसले पाहिजे, तुझ्या उशाशी उजेड येणार नाही अशा बेताने. फळी मी मोजून ठेवली आहे.

अधिक काय लिहावे?

तुझा


दिनांक ९ मार्च, रविवार

प्रिय सहचारिणीस,

सप्रेम नमस्कार. गेल्या पत्रातले शेवटून तिसरे वाक्य मी आज पुन्हा वाचले. ते खोडणार होतो, खोडले नाही. त्याविषयी पुढे लिहीन.

शुक्रवारी सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकान एवढे अरुंद की दोन गिऱ्हाइके आली तर एकाने रस्त्यावर उभे राहावे. जमिनीपासून छतापर्यंत खोकी. दुकान चालविणाऱ्या बाई स्टुलावर बसून कुणाचा तरी संगणक उघडून त्यातली धूळ ब्रशाने झाडीत होत्या आणि शेजारी रेडिओ मोठ्याने चालू होता. तुमचे दोघींचे जमले असते.

"बोला काका. नातीसाठी का?"

"नाही. माझ्यासाठी."

"अरे वा! कुठला गेम? मारामारीचा?"

"फेरीबोटीचा."

"मग नुसतं पाणीच पाणी. पाण्याला कार्ड दणकट लागतं हो. गेममधली माणसं कशीही दिसली तरी चालतात, पाणी मात्र लगेच उघडं पडतं."

हे वाक्य तुझेच. जुन्या आवृत्तीतल्या समुद्राला तू निळी ताडपत्री म्हणायचीस.

मी तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. "हे तुम्ही केलं? बाप रे. माझं लग्न ठरवताना माझ्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नाही. केली असती तर बरं झालं असतं."

मदरबोर्डाच्या बाबतीत त्यांनी मागच्या पिढीचा एक नग 'शेवटचाच राहिलाय, तुमच्यासाठी म्हणून' असा पुढे सरकविला. मी म्हटले, यावर माझा प्रोसेसर बसेल, परंतु बोर्डाची आतली प्रणाली अद्ययावत केल्याशिवाय तो चालू होणार नाही, आणि अद्ययावत करायला आधी दुसरा प्रोसेसर लागेल. बाईंनी नग मुकाट्याने मागे घेतला.

"काका, तुम्हाला टोपी घालणं अवघड आहे."

"प्रयत्न केल्याबद्दल आभारी आहे."

तिथपर्यंत सर्व ठीक चालले होते. पुढे त्या आवाजाच्या रकान्यापाशी आल्या.

"पॉवर सप्लाय बिनपंख्याचा? महाग पडेल. प्रोसेसरवरचा कूलर सगळ्यात थोरला, सावकाश फिरणारा. बरं. आणि ग्राफिक्स कार्डसुद्धा बिनपंख्याचं? अहो, गेमिंगचं मशीन करताय का वाचनालय? सगळा पैसा गप्प बसण्यात घालवताय. हे कार्ड बिचारं गरीब आहे, याच्याच्यानं लाटा ओढवणार नाहीत. त्यापेक्षा हे बघा, तीन पंख्यांचं. हे घ्या, बाकी सगळं साधं घ्या, तेवढ्याच पैशांत होतंय. कॅबिनेट फक्त मोठं घ्यावं लागेल, त्या डबीत हे मावायचं नाही."

"मोठे कॅबिनेट चालणार नाही. आवाजही चालणार नाही."

"का? खोलीत बाळ झोपतं का?"

"नाही."

"मग कुणी आजारी आहे?"

मी 'हो' म्हणालो.

हा शब्द मी विचार करून उच्चारलेला नाही. गेल्या दोन वर्षांत केमिस्टने, रिक्षावाल्याने, शेजाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला की हाच शब्द निघत असे. तो तसाच निघाला. बाईंनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

"काकू का?"

"हो."

"मग हेच घ्या काका. हेच बरोबर आहे." त्यानंतर त्या स्वतःच हळू बोलू लागल्या. रस्त्यावर वाहनांचा गोंगाट चालू होता, आणि आम्ही दोघे त्या दुकानात कुजबुजत भावाची घासाघीस करीत होतो. त्यांनी मला किंमत कमी करून दिली. ती मी घेतली. निघताना म्हणाल्या, "काकूंना जराजरी त्रास झाला तरी परत आणा. बदलून देईन."

ती पिशवी घेऊन मी बसथांब्यावर बराच वेळ उभा होतो. मी लबाडी केली असे म्हणता येईल, परंतु लबाडी करणाऱ्याला आपण लबाडी करतो हे ठाऊक असते. मला वाटत होते की मी उत्तम यंत्राची व्याख्या करीत आहे. ज्या जाणकारांचे लेख मी वाचले त्यांच्यापैकी एकानेही आवाज पहिल्या रकान्यात धरलेला नव्हता. तो रकाना मी स्वतः घातला, आणि घालताना का घालतो आहे हे स्वतःला विचारले नाही.

तुझ्या आजारात आवाज तुला खुपू लागला त्याला आता बरेच दिवस झाले. प्रथम घड्याळ बाहेर गेले. मग कडीला फडके बांधले. चमचा कपाच्या कडेला लागू न देता साखर ढवळायची युक्ती मी शिकलो. जोडे पायरीवर, फोन उशीखाली. तुझ्यासारख्या बाईला कपबशीची किणकिण सोसू नये, हे मला पाहवत नसे. म्हणून मी ती किणकिणच नाहीशी केली. त्या कामात मी तरबेज झालो होतो. आजही चहा तसाच ढवळतो. हे माझ्या लक्षात शुक्रवारी, बसथांब्यावर आले.

भाग सर्व आणले आहेत. आज जोडणीस आरंभ करीन.

तुझा


दिनांक १६ मार्च, रविवार

प्रिय सहचारिणीस,

सप्रेम नमस्कार.

तू जे ओळखले असशीलच, ते आता सरळ लिहितो. मी आपल्या घरून लिहीत नाही. मी त्याच खोलीत आहे. दोन जिने चढणे तुला जमेना म्हणून रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत आपण जी तळमजल्याची खोली घेतली, आणि जिच्यात तू गेलीस, त्या खोलीत. ठरलेला खर्च तो तिच्या भाड्याचा. 'मी गेले की खोली लगेच सोडा, बाहेर माणसं ताटकळत असतात,' असे तू बजावले होतेस. मी हो म्हटले होते.

मंगळवारी मालकीणबाई आल्या. उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"रुग्णालयात एक बाई येते, तिचा नवरा अंथरुणाला खिळलाय. दोघं गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर राहतात. तपासणीला न्यायचं म्हणजे ती त्याला पाठुंगळी घेऊन जिना उतरते. खालची खोली माझ्याकडे ही एवढीच. तुम्ही भाडं वेळेवर देता, मला बोलायला जागा नाही. पण वहिनींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं."

"काय सांगितले होते?"

"म्हणाल्या, हे आपणहून उठायचे नाहीत. तुम्ही उठवा."

मी त्यांना फळीवरचे भाग दाखविले आणि म्हणालो की यंत्राची जोडणी चालू आहे, मध्येच हलविता येणार नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत कंत्राटदारांकडून याहून बऱ्या सबबी मी ऐकल्या होत्या. मालकीणबाईंनी यंत्राकडे पाहिले, पलंगाकडे पाहिले आणि 'बरं' म्हणून गेल्या.

बुधवारी यंत्र पुरे झाले. तुझ्या औषधांच्या ट्रेमध्ये स्क्रू वेगवेगळे मांडून काम केले, त्यामुळे एकही हरवला नाही. कळ दाबली. काहीच घडले नाही. पुन्हा सर्व उघडले, तारा तपासल्या, बंद केले, कळ दाबली. तेव्हा लक्षात आले की ते आधीपासूनच चालू होते. एक हिरवा ठिपका सोडला तर त्याच्या चालू असण्याची दुसरी कोणतीही खूण नव्हती. असे निर्दोष काम माझ्या हातून क्वचितच झाले असेल, आणि ते पाहून मला मुळीच आनंद झाला नाही.

काल शनिवारी दुपारी ठकू आणि मी प्रथमच बोट सोडली. फोन शेजारी ठेवून बोलत होतो.

"बाबा, पाणी कसं दिसतंय?"

"निळ्या ताडपत्रीसारखे."

"शी! नव्या आवृत्तीत तर केवढं छान केलंय. तुमच्या कार्डाला जमत नाहीये का? आता डावीकडे घ्या. डावीकडे, बाबा. तुमच्या डावीकडे नाही, बोटीच्या!"

"बोटीची डावी बाजू माझ्या डाव्या बाजूहून निराळी कशी असेल?"

"अहो, तुम्ही उलटे उभे आहात!"

आपटलो. धक्क्याची एक फळी निखळून पाण्यात पडली. ठकू हसू लागली आणि तिला थांबता येईना. तुझ्यानंतर मी तिचे हसू ऐकले नव्हते. ते तुझेच आहे, थोडे बारीक.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आज सुतारखाना बंद आहे का?"

"चालू असेल."

"असेल म्हणजे?"

मी बोट पुन्हा धक्क्याला लावू लागलो.

"बाबा, शनिवारी तर तिथं इतकी करवत चालते की मला तुमचं एक वाक्य धड ऐकू येत नाही. आज तुमचा श्वास ऐकू येतोय. तुमचं मशीनही ऐकू येत नाहीये. कुठं बसलाय तुम्ही?"

"ठकू—"

"तिथंच आहात ना? आईच्या खोलीत?"

"हो."

हाच शब्द मी दुकानातही उच्चारला होता. या वेळी तो उच्चारताना मी सावध होतो.

ती रागावेल असे वाटले होते. तिने एवढेच म्हटले, "दाखवा मला." मी फोन उचलून खोली दाखविली. तुझ्या हाताशी बांधलेली घंटेची दोरी, खिडकीचा दुहेरी पडदा, पलंग.

"चादर घातलीय," ती म्हणाली.

"हो."

"धुतलेली दिसतेय."

"बदलतो मी. एक दिवसाआड."

ठकू म्हणाली, "बाबा, मी इथं ऑफिसात दार हळू लावते. कडी धरून, आवाज न करता. परवा शेजारच्या टेबलावरची विचारत होती, काय गं, आत कोण झोपलंय? मला तिला काही सांगता येईना."

तुला सांगतो, माझ्या मनात हे आलेच नव्हते. मला वाटले होते, ही सवय माझ्या एकट्याच्या हातांना लागली आहे.

"मी त्या खोलीत फोन करू शकत नाही बाबा," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलायचंय मला, खेळायचंय. पण त्या खोलीत नाही. मला गुदमरतं. तुम्ही घरी जा. करवत ऐकू आली ना, की मी लगेच बोट सोडेन." आणि तिने फोन ठेवला.

तेव्हापासून यंत्र चालूच आहे. बोट धक्क्याला लागलेली आहे. संगणकाच्या पडद्यावर यंत्रघराची जागा रिकामी दिसते. ती पाहत मी हे लिहीत आहे. एका बाजूला ही खोली आहे, दुसऱ्या बाजूला आपली मुलगी, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठेवता येणार नाहीत हे मला समजले आहे. समजणे आणि उठणे यांच्यात अंतर असते. ते तू जाणून होतीस, म्हणून तर मालकीणबाईंना सांगून ठेवलेस.

तुझा


दिनांक २३ मार्च, रविवार

प्रिय सहचारिणीस,

सप्रेम नमस्कार. या आठवड्यात कामे पुष्कळ झाली, तेव्हा ती क्रमाने लिहितो.

सोमवारी यंत्र पिशवीत घालून पुन्हा त्या दुकानात गेलो. मला पाहताच बाईंनी रेडिओकडे हात नेला.

"राहू द्या," मी म्हटले. "चालू राहू द्या."

"काकूंना त्रास झाला का आवाजाचा?"

"काकू गेल्या."

"अरेरे. कधी?"

"मी तुमच्याकडे प्रथम आलो, त्याच्याही आधी."

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "मग त्या दिवशी तुम्ही..."

"त्या दिवशी ते मला पुरते ठाऊक नसावे."

त्यांनी स्टूल माझ्याकडे सरकविले आणि स्वतः खोक्यावर बसल्या. रेडिओवर कोणीतरी बाजारभाव सांगत होता. ते आम्ही दोघांनी शेवटपर्यंत ऐकले. मग त्यांनी यंत्र उघडले, आतली जोडणी पाहिली, आणि 'तारा बांधल्यात मात्र सुरेख' असा शेरा दिला.

"बदलून देते म्हणाले होते, देणार. पण वापरलेला माल मी पुऱ्या भावात घेत नाही. रडलात तरी."

"मी रडत नाही."

"मग थोडा जास्त लावते."

बिनपंख्याचा पॉवर सप्लाय, थोरला कूलर, गरीब कार्ड आणि छोटे कॅबिनेट परत गेले. त्यांच्या बदल्यात साधा पॉवर सप्लाय, साधा कूलर, ऐसपैस कॅबिनेट आणि तीन पंख्यांचे ते कार्ड आले. वर जे पडले ते मी दिले. पुढच्या महिन्यापासून भाडे नाही, एवढा हिशेब मला सुचला, आणि तो सुचल्याचे वाईट वाटले. बाईंनी तिथेच जोडून कळ दाबली. सर्व पंखे एकदम सुरू झाले आणि टेबलावरचा तक्ता उडून रस्त्यावर गेला.

"ऐकू येतंय का काका?"

"येत आहे."

"सवय होईल."

मंगळवारी यंत्र आपल्या घरी नेले. तुझ्या शिलाई यंत्राच्या शेजारी, मोठ्या टेबलावर ठेवले. घर बंद राहिल्याने कुबट वास होता. खिडक्या उघडल्या तसा सुतारखान्याचा भुसा आणि आवाज दोन्ही आत आले. ठकूला फोन लावला. मी काही बोलण्याआधीच ती ओरडली, "काय? ऐकू येत नाहीये!"

"मी अजून बोललोच नाही."

"काय?"

"बोललो नाही म्हणतो!"

"मोठ्यानं बोला, बाबा!"

आणि मी मोठ्याने बोललो. आपल्या घरात, भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या टाकून मी 'डावीकडे घेतो आहे' असे ओरडत होतो. घसा बसला. खालून सुताराने वर पाहून विचारले, "काय हो, सगळं ठीक ना?" मी त्याला सांगितले की बोट वळवतो आहे. त्याने आणखी चौकशी केली नाही.

पाण्याविषयी तू विचारशील. पाणी चांगले आहे. सकाळी तुझ्या तलावावर पहिली मुलगी उतरण्याआधी पाणी जसे दिसे, काहीसे तसे. परंतु बोटीमागची लाट फार लवकर मिटते आणि धक्क्याशी फेस नको तितका येतो. तू असतीस तर याहून अधिक दोष काढले असतेस. ठकूला मी हे दोन सांगितले. ती म्हणाली, "आई तुमच्यात घुसलीय." मला ते आवडले, पण तसे मी तिला म्हणालो नाही.

त्यानंतर तीन दिवस मी खेपा घालून खोलीतले सामान थोडे थोडे घरी नेत होतो. गाडी एका खेपेत नेऊ शकली असती. मी ती बोलावली नाही.

काल ती बाई खोली पाहायला आली. मालकीणबाई सोबत होत्या. बाई आपल्या ठकूहून फार मोठी नसेल. तिने चपला पायरीवर काढल्या. माझ्याप्रमाणेच ती टाच न टेकता चालत होती. पलंगाची उंची पाहिली, दारापासून पलंगापर्यंत चार पावले टाकून पाहिली, मग खिडकीशी जाऊन कान दिला.

"इथं आवाज येतो का हो, काका? ह्यांना आवाज सोसत नाही."

"नाही," मी म्हटले. "येत नाही. कडीला फडके बांधलेले आहे, ते काढू नका. नळ पूर्ण सोडला तर वाजतो, अर्धा सोडावा. पडदा दुहेरी आहे, तो राहू देतो. घंटेची दोरी त्यांच्या उजव्या हाताशी येईल असे पलंगाचे डोके करा. आणि दुपारी गल्लीत शाळेची मुले जातात, तेवढा वेळ खिडकी लावून घ्या."

तिने सर्व लक्षपूर्वक ऐकून घेतले. मग विचारले, "तुमच्या घरी कोण होतं इथं?"

"माझी बायको."

"बऱ्या झाल्या?"

मालकीणबाईंनी खाली पाहिले. त्या बाईच्या चेहऱ्यावर जी आशा होती ती मी पाहिली, आणि काय उत्तर द्यावे याचा थोडा विचार केला. मी तिला खरे सांगितले. म्हणालो, "नाही. पण या खोलीत तिला झोप चांगली लागत असे."

ती म्हणाली, "तेवढी लागली तरी पुष्कळ आहे."

आज सकाळपासून मी इथे एकटा आहे. फळी पुसली. भिंतीतले खिळे काढून त्या जागी चुना भरला. पलंगावरची चादर शेवटी काढली. तिची घडी करण्यासाठी दोन माणसे लागतात. तू एक टोक धरायचीस आणि मी वाकडे धरले की ओढून माझ्या हातातून सोडवायचीस. मी ती एकट्याने केली. घडी नीट आली नाही. तशीच पिशवीत घातली आहे.

चादर काढल्यावर काही होईल अशी मला भीती होती. काही झाले नाही. खाली पट्ट्यांची गादी होती, मालकीणबाईंची. पलंगाशी मी थोडा वेळ उभा राहिलो. तुला हाक मारावी असे वाटले. या खोलीत मी तुला कधी मोठ्याने हाक मारली नव्हती, नेहमी जवळ येऊन, वाकून, कानाशी. म्हणून एकदा मारली. जेवढ्या आवाजात तू मला तलावाच्या पलीकडून मारायचीस, तेवढ्या आवाजात. माझ्या आवाजाचे मला आश्चर्य वाटले. गल्लीतून जाणारा एक मनुष्य थबकला आणि पुढे गेला.

आता निघतो. ठकू संध्याकाळी फोन करणार आहे. पोचल्यावर आधी खिडक्या उघडल्या पाहिजेत.

तू सांगितलेस ते तू गेलीस त्याच दिवशी करायचे होते. उशीर झाला, आणि उशिराचे कारण देत नाही. काळजी नसावी.

आता आपल्या घरी राहणारा,

तुझा

ता. क. वरील मजकूर आत बसून लिहिला. एवढे बाहेर पायरीवर लिहीत आहे. खोली झाडून घेतली. दार ओढून कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या मालकीणबाईंच्या हाती परत दिल्या.